भट्टीचा डबा शेवटी

आमच्या घरात भांडण व्हायला कारण लागत नाही. पण त्या सकाळी कारण होतं, आणि ते तिसरीत शिकत होतं.

आमची नात. घरात तिला सगळे फौजदारीण म्हणतात. पाठीला दप्तर, दोन्ही हात कमरेवर, अशी ती गिरणीच्या दारात उभी राहिली आणि आजोबांना म्हणाली, "आजोबा, ही सगळ्यांच्या आधी आली. मग हिचा डबा शेवटी का?"

आमचे हे तेव्हा गिरणीचा पट्टा चढवत होते. पट्टा चढवताना कुणी बोललेलं यांना चालत नाही. खरं तर एरवीही चालत नाही.

"कुणाचा डबा?"

"विटकरीचा."

"तो शेवटीच असतो."

"तेच विचारतेय. का?"

"तशी पद्धत आहे."

"कुणी पाडली?"

"आधीपासून आहे."

"गिरणी कुणी घातली?"

"मी घातली."

"मग तुमच्या आधी इथं कोण होतं?"

डबे घेऊन बसलेल्या बाया खुदखुदल्या. यांनी हातातला पट्टा खाली टाकला. "शाळेत जा आधी! शाळा सोडून इथं काय चौकशी लावलीस?"

"शाळेचंच काम करतेय. बाईंनी गृहपाठ दिलाय. गावात जिथं जिथं रांग लागते तिथं जायचं, सगळ्यात शेवटी कोण असतं ते बघायचं आणि का ते विचारायचं. तुम्ही नीट उत्तर द्या, मला वर्गात उभं राहून सांगायचंय."

"आमच्या वेळी पाढे द्यायचे," हे म्हणाले आणि तिच्याकडं पाठ केली.

ती विटकरी कोपऱ्यात आपल्या डब्यावर बसून हे सगळं ऐकत होती. तोंडातून अवाक्षर नाही. फक्त खिशातले गव्हाचे दाणे एकेक करून चघळत होती.

आता ही विटकरी कोण ते सांगते. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला वीटभट्टी आहे. पाऊस सरला की कुठून कुठून माणसं येतात, झोपड्या घालतात, चिखल तुडवतात, विटा थापतात आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की चंबूगबाळं आवरून निघून जातात. त्यांच्यातली ही पोर. काटकुळी, वयाच्या मानानं उंच. केसांवर, भुवयांवर कायम लाल धूळ, म्हणून गावानं तिला विटकरी म्हणायला सुरुवात केली. तिचं पाळण्यातलं नाव काय, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. तिचे आईबाप दिवस उगवायच्या आत चिखलात उतरायचे, म्हणून दळणाचा डबा या पोरीच्या डोक्यावर.

आणि गिरणीचं एक असतं. दळण संपलं तरी आधीच्याचं मूठ-दोन मूठ पीठ दगडात राहतं, ते मागच्याच्या डब्यात उतरतं. त्यामुळं आपल्या पुढं कुणाचं दळण आहे, हे बाया डोळ्यांत तेल घालून बघतात. मक्यामागं गहूवाली उभी राहत नाही. जुन्या धान्यामागं नवं धान्य येत नाही. दोघी जावांचं पटत नसेल तर त्या एकमेकींच्या मागं डबा लावत नाहीत, मग भले दोघींच्या डब्यांत एकाच शेतातला गहू का असेना.

मागच्या हिवाळ्यात दुकानदारीणीचं पीठ लालसर निघालं. आमच्या गावात दुकान एकच, त्यामुळं दुकानदारीणही एकच, आणि आवाज मात्र चौघींचा. नेमके त्याच दिवशी तिच्याकडं व्याही जेवायला. तिनं गाव डोक्यावर घेतलं. "माझ्या पुढं त्या भट्टीच्या पोरीचा डबा होता! विटांची धूळ आली माझ्या पिठात! व्याह्यांपुढं नाक कापलं गेलं माझं!" झालं. तेव्हापासून भट्टीचा डबा शेवटी. आमचे हे 'आधीपासून' म्हणतात ती पद्धत एवढ्या वयाची.

गंमत म्हणजे त्यानंतरही अधूनमधून कुणाचं तरी पीठ लालसर निघायचंच. तेव्हा बाया म्हणायच्या, "काल शेवटी भट्टीचं दळलं ना, त्याचंच राहिलं असणार." पुढं असली तरी तिचंच नाव, मागं असली तरी तिचंच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! मी तरी कुठं वेगळी होते? मीही मान हलवायचे.

ही पोरही आमच्या नातीच्याच वर्गात, तिसरीत, पण यात तिची शाळा बुडायची. आमच्याकडं वीज सकाळचीच येते, आणि रोज येईलच असं नाही. ती येणार म्हटलं की गाव लोटतं. विटकरी उजाडता उजाडता यायची आणि सगळ्यांचं दळून होईपर्यंत, म्हणजे ऊन डोक्यावर येईपर्यंत बसायची. डबा ठेवून शाळेत का जात नाही, असं कुणी म्हणेल. एकदा गेली होती. कुणीतरी डबा उचलून बाहेर उन्हात ठेवला आणि शेळीनं त्यात तोंड घातलं. पोर परत आली तेव्हा डब्यात निम्मेच गहू होते आणि शेळी रवंथ करत होती.

शाळा म्हणजे आमच्या गिरणीच्या भिंतीला भिंत. वीज गेली आणि गिरणी थांबली की तिसरीचा वर्ग मला चुलीपाशी बसून ऐकू येतो. नव्या बाई आल्यापासून तर मी कान देऊनच बसते. या बाई पोरांना गोल करून बसवतात आणि कुणी गोलाच्या बाहेर राहिलं तर धडाच सुरू करत नाहीत. "आपला वर्ग म्हणजे कोण?" असं त्या विचारतात, आणि पोरं "सगळे!" असं ओरडतात. त्या दिवशी वीज गेली, आणि पलीकडं गृहपाठ सुरू झाला.

सुताराचा मुलगा उठला. "बाई, न्हाव्याकडं टकलेकाका शेवटी बसतात. कारण त्यांना घाई नसते."

"बरं. पुढं?"

"बाई, नळावर आमची काकू शेवटी. कारण ती सगळ्यांशी भांडत बसते, तोवर नंबर जातो."

"बाई, आमच्या घरी जेवायला आई शेवटी बसते. मी का विचारलं तर आजी म्हणाली, गप गिळ."

 मग आमची फौजदारीण उठली. आवाज ओळखीचा, भिंत फोडून येणारा. "बाई, आमच्या गिरणीत विटकरी आधी येते आणि शेवटी जाते. आजोबांना कारण माहीत नाही."

नेमके तेव्हाच हेडमास्तर वर्गात आले असावेत, कारण पोरं एकदम गप्प झाली. "त्या भट्टीच्या मुलीबद्दलच बोलायचं होतं, बाई. आजही नाहीच ना? अहो, निम्मे दिवस गैरहजर. वाचता येत नाही. परीक्षा झाली की तिला पहिलीत बसवा."

"सर, ती पहिलीच्या पोरांच्या दुप्पट उंच आहे. लाजेनं येणार नाही. आणि तिच्या आईनं मला सांगितलंय, लहानांत बसवणार असाल तर तिला विटा उलटायला भट्टीवर नेते. म्हणजे शाळा संपलीच."

"मग हजर राहायला सांगा तिला."

"सर," आमच्या फौजदारीणीचा आवाज, "ती गिरणीत बसलीय. आणि तुमचा डबा शिपाईकाका मागच्या दारानं आणतात, तो सगळ्यांच्या आधी दळतात. तो पण गृहपाठात धरायचा का?"

हेडमास्तरांना जोराचा ठसका लागला आणि ठसक्याबरोबर तेही बाहेर गेले.

रात्रीच्या जेवणाला मी यांना म्हटलं, "अहो, पोरीची शाळा सुटेल तुमच्या रांगेपायी."

"माझी रांग? गावाची रांग. गिऱ्हाइकं बिथरली तर तू दळून देणार आहेस का जात्यावर?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला," मी म्हटलं. 

त्यानंतर वीज आली त्या सकाळी मी दार उघडलं तर समोर अख्खी तिसरी उभी. प्रत्येकाच्या पायापाशी आपापल्या घरचा डबा. उन्हाळा लागत होता, वारा सुटला होता, भट्टीकडची लाल धूळ सगळ्यांच्याच डोक्यावर सारखी बसत होती. विटकरी सगळ्यात पुढं, कारण ती खरंच सगळ्यांच्या आधी आली होती. रांगेच्या कडेनं आमची फौजदारीण पट्टी घेऊन फिरत होती.

"हे काय?" हे म्हणाले.

"रांग," ती म्हणाली. "जो आधी आला तो आधी."

मागून बाया आल्या. दुकानदारीण आली. तिनं सवयीनं आपला डबा पुढं नेला आणि सुताराच्या पोरानं तिच्यापुढं हात आडवा केला. "मावशी, मागं."

"अरे, तुझ्या बापाला उधार साखर कोण देतं?"

"तुम्ही. पण मागं."

मग जे सुरू झालं ते काय सांगावं! दुकानदारीण ओरडतेय, पोरं "रांग! रांग!" म्हणून ओरडतायत, कोंबड्या पळतायत. आमचे हे मधे उभे राहिले आणि त्यांनी असा एक प्रश्न टाकला की सगळे गार झाले.

"माझं काही म्हणणं नाही. लावा रांग. पण हिच्या मागं कोण उभं राहणार, ते आधी ठरवा."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बायांनी तर आपापले डबे जवळ ओढले.

"तू राहा," फौजदारीण सुताराच्या पोराला म्हणाली.

तो रडवेला झाला. "मी तिचा मित्र आहे गं. पण डबा आईचा आहे."

"तू?"

"मला घरी मार बसेल."

"तू?"

"माझा मका आहे." मका नव्हता, मला माहीत आहे.

विटकरी उठली, तिनं आपला डबा उचलला आणि शेवटाकडं निघाली. सवयच झालेली तिला. त्या क्षणी मला माझी स्वतःचीच लाज वाटली.

पण फौजदारीणीनं तिचा डबा धरून परत जागेवर ठेवला आणि धावत आमच्या घरात शिरली. आतून सुनेचा आवाज आला, "अगं, तो डबा कुठं नेतेस? पाहुण्यांसाठी ठेवलेला गहू आहे तो!" आणि माझी नात आमचा डबा ओढत, फरफटत, उंबऱ्यावर आपटत बाहेर आली. तिच्यानं तो उचलवत नव्हता. मी गेले आणि दुसरी कडी धरली. दोघींनी मिळून तो विटकरीच्या डब्यामागं नेऊन ठेवला.

"तू पण?" हे माझ्याकडं बघत म्हणाले.

"मी डबा उचललाय. तुम्ही गिरणी चालू करा."

गिरणी चालू झाली. विटकरीचे गहू वरच्या लाकडी नरसाळ्यात पडले, खालून कापडी नळीतून पीठ उतरलं. मग आमचे गहू. एवढ्या बाया, पण एकीचंही लक्ष दुसरीकडं नाही. यांनी आमचा डबा उजेडात आणला.

पीठ लालसर होतं.

"बघा!" दुकानदारीणीनं दोन्ही हात वर केले. "बघा, मी काय सांगत होते! डोळ्यांनी बघा!"

पोरांचे चेहरे पडले. फौजदारीण डब्यात बघत राहिली, तिचे डोळे भरले, आणि तरीही ती म्हणाली, "लाल तर लाल. आम्ही खाऊ." आत सून काय म्हणाली ते इथं सांगण्यासारखं नाही.

एवढ्यात बाई धावत आल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की तिसरीनं गिरणी ताब्यात घेतलीय. त्या काही बोलणार, तोच विटकरीनं तोंड उघडलं. दोन वर्षं ही पोर आमच्याकडं येतेय, तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आणि काय तो आवाज! दुकानदारीणीला तोडीस तोड.

"माझं पण लाल आहे!"

"तुझं असणारच की!" दुकानदारीण म्हणाली.

"का असणार? माझ्या आईनं गहू धुऊन, वाळवून, निवडून दिलेत. हे बघा!" तिनं खिशातून उरलेले दाणे काढले आणि बाईंच्या पांढऱ्या रुमालावर खसाखसा घासले. रुमाल पांढराच राहिला. "कितीदा तरी असं होतं! पांढरे गहू देते अन् लाल पीठ घरी नेते! आमच्या भट्टीवर सगळे म्हणतात, या गावची गिरणीच घाण आहे. पण दुसरी जवळ नाही म्हणून येतो!"

आमच्या यांना काहीही म्हणा, पण गिरणीला नाव ठेवू नका. पोटच्या पोराला जपलं नसेल एवढं त्यांनी तिला जपलंय. ते ताडताड पुढं आले. "माझी गिरणी घाण? तीन वेळा झाडतो मी दिवसातून!"

"मग वर हात घालून बघा!"

आणि वाट न बघता ती स्टुलावर चढली, नरसाळ्यात हात घातला, आतून फिरवला आणि बाहेर काढला. कोपरापर्यंत हात लाल.

 आणि मला आठवलं. मागच्या पावसाळ्यात यांना कुणा दीडशहाण्यानं सांगितलं होतं की लाकडाला गेरू फासला की भुंगा लागत नाही. यांनी आधी नुसतं बाहेरून फासला. मग यांना वाटलं, भुंग्याला आतलीही वाट आहे, म्हणून आतूनही फासला. वर, 'फिकट झाला' म्हणून पुन्हा एक हात. तो सुकलेला गेरू सुटेल तसा कुणाच्याही पिठात उतरत होता.

"अहो," मी म्हटलं, "गेरू!"

यांनी नरसाळ्याकडं बघितलं, पोरीच्या हाताकडं बघितलं. "भुंगा लागू नये म्हणून..." एवढंच बोलले.

"आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं ऐकलं होतं," मी म्हटलं. "आमच्याकडं डोळस माणूस दळतो आणि अख्खं गाव गेरू खातं."

दुकानदारीण मटकन आपल्या डब्यावर बसली. "म्हणजे मी व्याह्यांना..."

"गेरू वाढलास," कुणीतरी म्हणालं, आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. बाईही भिंतीकडं तोंड करून हसत होत्या. फक्त विटकरी हसत नव्हती. ती स्टुलावरून यांच्याकडं बघत उभी होती, आणि तिचं बरोबरच होतं. एवढे दिवस तिनं कोपऱ्यात बसून काढले ते कुणी हसून भरून देणार नव्हतं.

तिची आणि आमची दोन्ही पिठं म्हशीच्या आंबोणात गेली. यांनी तिचा डबा आमच्या घरच्या गव्हानं भरला. तोंडानं चुकलं म्हणायची यांची जीभ नाही. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मी अजून वाट बघतेय. पण दिवसभर ते नरसाळ्यात डोकं घालून काथ्यानं घासत होते, आणि विटकरी शाळा सुटल्यावर आली तेव्हा आतूनच ओरडले, "पुढच्या खेपेला डबा लाव आणि सरळ शाळेत जा. इथं बसायचं नाही."

"आणि शेळी?" ती म्हणाली.

"शेळीला मी बघतो."

पुढच्या खेपेला ही गर्दी. नरसाळं घासण्यापायी गिरणी बंद राहिल्यामुळं सगळ्यांची पिठं संपलेली. विटकरीच्या आधी पाच-सहा डबे लागले होते. तिनं आपला डबा लावला. मागचं दार वाजलं, शिपाई हेडमास्तरांचा डबा घेऊन उभा. यांनी त्याला पुढच्या दाराकडं बोट दाखवलं. आणि तेवढ्यात दुकानदारीण आली. शेवटी कोण आहे म्हणून तिनं बघितलं. शेवटी विटकरी होती.

दुकानदारीण थोडा वेळ उभी राहिली. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग एक लांब उसासा टाकला आणि आपला डबा विटकरीच्या डब्यामागं ठेवला. ठेवताना थोडा आपटला, पण ठेवला.

शाळेची घंटा झाली. विटकरीनं दप्तर उचललं. "मावशी, माझा डबा सरकवत राहा हं."

"मी काय तुझा गडी आहे?"

पण पोर तोवर पळालीसुद्धा. रांग पुढं सरकली. दुकानदारीणीनं त्या डब्याकडं रागानं बघितलं. मग पायानं तो पुढं लोटला, आपला त्याच्यामागं लोटला. पुन्हा रांग सरकली, पुन्हा लोटला. शेळी दारातून डोकावली तेव्हा हे जागचे उठायच्या आत दुकानदारीणच चप्पल घेऊन तिच्या मागं धावली.

मग वीज गेली. पट्टा थांबला. भिंतीपलीकडून तिसरीचा वर्ग ऐकू यायला लागला. कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं. एकेक अक्षर जोडत, अडखळत, थांबत, पण आवाज असा खणखणीत की गिरणीतल्या पिठालाही ऐकू जावा. बाया नेहमीसारख्या बडबडत होत्या.

"गप्प बसा गं जरा!" दुकानदारीण त्यांच्यावर खेकसली आणि तिनं भिंतीला कान लावला. "माझ्या पुढचा नंबर वाचतोय."